खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये छोटे मासे एकमेकांना मारतायत? या क्रमाने तपासा

लक्षणं

खालच्यातली दोन जुळली, तरी टँकमध्ये मारामारी चालू आहे असं धरून चाला.

– एखादा मासा दिवसचे दिवस वरच्या कोपऱ्यात, पंपाच्या किंवा पाइपच्या मागे, नाक काचेला लावून उभा असतो.
– शेपटीची किंवा पाठीवरच्या पराची कड फाटलेली दिसते. फाटलेली जागा स्वच्छ असते, तिच्यावर कापसासारखं काही धरलेलं नसतं.
– खाणं टाकल्यावर एक जण येतच नाही. किंवा येतो, अर्ध्यात थबकतो आणि परत फिरतो.
– रंग नेहमीपेक्षा काळपट किंवा फिका पडलाय आणि कल्ल्यांची उघडझाप जोरात चाललीय.
– क्रोमिस या छोट्या माशांचा थवा होता, त्यातला दर आठवड्याला एकेक कमी होतोय. मेलेला मासा सापडतही नाही, कारण खेकडे आणि किडे रातोरात त्याचा फडशा पाडतात.
– सकाळी केर काढताना सोफ्याखाली वाळलेला मासा निघाला.

शेवटचं लक्षण वाचून ज्यांना कसंतरी झालं, त्यांनी सरळ खाली ‘झाकण’ या भागापाशी जावं. बाकीच्यांनी क्रमानेच यावं.

माझा पहिला समुद्री टँक गिरगावात होता, दीड खोलीच्या घरात, दोन फुटी. कागदावर सत्तर लिटर, दगड-वाळू घातल्यावर प्रत्यक्षात पंचावन्नच्या आसपास पाणी. आताचा मुलुंडला आहे, तीन फुटी. मधल्या बारा वर्षांत स्वतःकडे आणि नातेवाईक-मित्रांकडे हे एकच भांडण इतक्या वेळा सोडवलंय, की फोनवर पहिलं वाक्य ऐकलं की पुढचं मीच सांगतो. मार खाणारा मासा काढून वेगळा ठेवला, बरा झाला, परत सोडला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मार. हो ना? यात चूक कुठे झाली ते पेटीच्या भागात सांगतो. त्याआधी बऱ्याच गोष्टी फुकटात तपासून होतात.

एक अपवाद. मासा आडवा पडतोय, डोळा फुटलाय, किंवा तिघे-चौघे एकावर तुटून पडलेत, तर बाकीचं नंतर वाचा. साबण न लागलेली कोरी प्लॅस्टिकची चाळणी घ्या, कडेला थर्मोकोलच्या पट्ट्या बांधून टँकमध्येच तरंगती ठेवा, मासा तिच्यात घ्या, वर जाळी टाका आणि दिवा बंद करा. एक रात्र निभावते.

वीस मिनिटं नुसतं बसा (खर्च शून्य)

स्टूल घेऊन टँकपासून चार-पाच फुटांवर बसा. जवळ बसलात तर मासे खाणं मागायला पुढे येतात आणि भांडण विसरतात. कोण, कोणाला, कुठे आणि कधी, एवढं टिपायचं. मी कालनिर्णयच्या चौकटीत दुधाच्या हिशेबाशेजारी रेघा ओढतो. ‘नि’ म्हणजे निळा डॅमसेल (छोटा, हद्दीसाठी भांडणारा मासा), ‘क्ला’ म्हणजे क्लाउन (केशरी, पांढऱ्या पट्ट्यांचा). एकदा दिवा लागल्यावर बसा, एकदा खाण्याच्या वेळी आणि एकदा दिवा जायच्या आधी. झोपायच्या जागेवरून सगळ्यात जास्त धुसफूस याच शेवटच्या वेळी होते.

ही पायरी लोक गाळतात, आणि मग भलत्याच माशाला शिक्षा होते. पार्ल्याच्या मावसबहिणीचा फोन आला: “दादा, तो निळा मेला कोणाला जगू देत नाही. घेऊन जा त्याला.” गेलो, बसलो. वीस मिनिटांत निळ्याने सहा वेळा पाठलाग केला. सहाही वेळा एकाच बिळाच्या आजूबाजूला, वीतभर अंतरात. समोरचा तेवढ्या टापूबाहेर गेला की निळा परत आपल्या दारात. मग हिने चिमूटभर खाणं टाकलं आणि क्लाउनची मादी, इतका वेळ साळसूदपणे डुलत असलेली, सरळ फायरफिश नावाच्या भित्र्या माशाच्या अंगावर गेली. एकदा, दोनदा, पाच वेळा. फायरफिशच्या पाठीवरचा तो उंच पांढरा तुरा मुळापासून खुडला गेला होता, तो तिनेच. निळा नुसता भुंकत होता, चावत होती क्लाउन.

रेघा बघून निदान असं होतं. भांडण ठरावीक जागीच होत असेल तर ती हद्द आहे किंवा तिथे अंडी आहेत. फक्त खाण्याच्या वेळी होत असेल तर भूक. टँकभर, कुठेही, एकच एकाच्या मागे असेल तर जोडी चुकलीय. सगळे मिळून नव्याला धरत असतील तर सोडण्याची पद्धत चुकलीय. आणि सहा महिने गुण्यागोविंदाने राहिलेले अचानक भांडायला लागले, तर आधी पाणी तपासा, मग अंडी शोधा.

मारामारीसारख्या दिसणाऱ्या पण मारामारी नसलेल्या काही गोष्टी याच बैठकीत ओळखू येतात. छोटा क्लाउन मोठ्यासमोर तिरका होऊन अंगभर थरथरतो, ते फीट येणं नव्हे; तो ‘तू मोठी, मी लहान’ असं कबूल करतोय. ही थरथर दिसली की निर्धास्त राहा. बांगाई कार्डिनलचा नर अंडी तोंडात धरून उबवतो. त्या दिवसांत तो खात नाही, कोपरा धरतो आणि त्याचा जबडा फुगलेला दिसतो. त्याला ‘मार खाल्लेला’ समजून जाळीत धराल तर अंडी जातील. मासा दगडावर अंग घासत असेल तर ती खाज आहे, परजीवीची शंका घ्या. आणि नव्याने आणलेल्या हिरव्या क्रोमिसच्या कुशीवर लालसर चट्टा उठला, तर तो चावा समजू नका. युरोनिमा नावाच्या सूक्ष्मजीवाने असा चट्टा पडतो आणि मासा फार थोड्या दिवसांत जातो. क्रोमिस ‘एकमेकांना मारून’ संपले असं आपण म्हणतो, त्यातले काही असे गेलेले असतात.

काचेतलं प्रतिबिंबही विसरू नका. संध्याकाळी खोलीत अंधार आणि टँकमध्ये दिवा असला की बाजूची काच आतून आरसा होते. डॅमसेल तासन्‌तास स्वतःशीच भांडतो आणि तापलेल्या डोक्याने शेजाऱ्यावर जातो. खोलीतला दिवा चालू ठेवा किंवा बाजूच्या काचेला बाहेरून पांढरा कागद लावा. प्रश्न मिटला तर इथेच मिटला.

अंडी असतील तर काहीच करू नका. क्लाउन दगडाच्या सपाट भागावर केशरी अंडी घालतो. ती आठवड्याभरात रुपेरी होतात, त्यात डोळे दिसायला लागतात आणि मग दिवे गेल्यावर फुटतात. तोवर तो तुमच्या हातालाही चावेल. आठवडा थांबा, मग पुन्हा रेघा मोजा.

खाणं कधी आणि कुठे (जवळजवळ फुकट)

प्रवाळभिंतीवर डॅमसेल, क्रोमिस दिवसभर पाण्यातले बारीक जीव टिपत असतात. आपण ऑफिसातून येऊन रात्री साडेआठला एक चिमूट टाकतो. मग त्या एका चिमटीवर सगळ्यांची झडप, आणि ज्याचं अंग मोठं त्याचं पोट भरतं. तेवढंच खाणं तीन वेळांत वाटा. शिवाय एकाच जागी टाकू नका. दांडगोबाला डावीकडे गुंतवा आणि दोन सेकंदांनी उजवीकडे बाकीच्यांसाठी सोडा. एवढ्याने बदल पडला का ते आठवड्याच्या रेघांवरून कळतं.

गोळ्या टाकणारं यंत्र चालतं, पण जुलैत त्यातल्या गोळ्यांचा दमट हवेने गोळा होतो आणि मासे उपाशी राहतात. पावसाळ्यात दर दोन दिवसांनी उघडून बघा. फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव, गोठवलेले) मिळालं तर उत्तम. मी मधूनमधून ताजा जवळा आणतो. मासळीवाल्या मावशींकडून मूठभर, बर्फातला नव्हे, डोळे काळे चमकणारा. पाण्याखाली नीट धुऊन बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचा आणि नखाएवढा तुकडा वितळवून द्यायचा. घरचे वैतागतात, ट्रे वेगळा ठेवा. जास्त मात्र देऊ नका. उरलेलं खाणं कुजून पाणी बिघडलं तर पुढच्या पायरीचं काम वाढतं.

मला सगळ्यात जास्त फोन गणपतीनंतर येतात. घर आठवडाभर कोकणात, टँक शेजाऱ्यांकडे. एक तर कोणीच काही घातलेलं नसतं, नाहीतर सगळा डबा ओतलेला असतो. जाण्याआधी दिवसागणिक पुड्या करून द्या.

पाणी आणि उकाडा (टेस्ट किट असेल तर फुकट)

अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून होणारी विषं) शून्य हवेत. ‘थोडंसं आहे’ चालत नाही. खारटपणा विशिष्ट गुरुत्वाने १.०२५ च्या आसपास. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) साध्या पाण्यावर नव्हे, ३५ च्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) कॅलिब्रेशन द्रवावर जुळवा. पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून रोजची घट गोड्या आरओच्या पाण्यानेच भरायची. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी निम्म्या टँकमध्ये मला खारटपणा चढलेला सापडतो.

मुंबईत खरा घोळ उष्णतेचा. मेमध्ये बंद खोलीतला चिलर नसलेला टँक ३१ वर सहज जातो. २५ अंशांना समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ६.७५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ६.२. एकीकडे पाण्यातला प्राणवायू घटतो, दुसरीकडे गरम पाण्यात माशाची गरज वाढते. मग सगळेच मासे पंपाच्या धारेशी आणि पृष्ठभागाशी येतात. जे चौघे एरवी चार कोपऱ्यांत असतात ते एका वीतभर जागेत जमले, तर दुसरं काय होणार? म्हणून उन्हाळ्यातल्या भांडणात मी दगड हलवण्याआधी थर्मामीटर बघतो. पाण्यावर पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात. पावसाळ्यात हवाच दमट असल्यामुळे तेवढा उतार पडत नाही, तेव्हा दिव्याचे तास कमी करा आणि पंपाचं तोंड वर वळवून पृष्ठभाग ढवळता ठेवा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज तासन्‌तास गेली, तेव्हापासून मी सेलवर चालणारा हवेचा पंप घरात ठेवलाय. तुम्हीही ठेवा.

आणि जुहूचं किंवा मरीन ड्राइव्हचं पाणी आणून टँकमध्ये ओतू नका. हे सांगावं लागतं, म्हणून सांगतोय.

झाकण

मच्छरदाणीची जाळी, चौकट करून. पाइप जातो ती फट आधी बुजवा, मासा नेमका तिथूनच जातो. फायरफिश तर घाबरला की सरळ वर उडी मारतो. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, आज रात्रीच लावा.

लपायच्या जागा (हार्डवेअरच्या दुकानात, पन्नास-शंभर रुपये)

माशांची संख्या अधिक दोन, एवढी बिळं हवीत, आणि प्रत्येक बिळाला दोन तोंडं हवीत. हा दुसरा मुद्दा मला बरीच वर्षं कळला नव्हता. एका तोंडाचं बीळ म्हणजे पिंजरा. मारणारा दारात उभा राहिला की आतल्याला बाहेर पडता येत नाही आणि तो उपाशी मरतो. पाऊण इंची पीव्हीसी एल्बो आणि टी (पाइपचे कोपऱ्याचे आणि तीन तोंडांचे जोड) घ्या, नुसत्या पाण्याने घासा आणि दगडांमध्ये खोचा. दिसायला घाण दिसतात, कबूल. दोन-तीन महिन्यांत शेवाळ धरून दिसेनासे होतात. फायरफिशचं बीळ वाळूच्या पातळीवर आणि दांडगोबाच्या जागेपासून लांब हवं.

दगड (मेहनत, एक रविवार)

बहुतेक टँकमध्ये मागच्या काचेला टेकून दगडांची भिंत रचलेली असते. फोटोत छान येते. पण पुढे सगळं मैदान मोकळं, या टोकाच्या माशाला त्या टोकाचा सतत दिसतो, आणि दिसला की चाल करून जावंसं वाटतं. भिंत मोडून दोन वेगळे ढीग करा. मधून वाळूची गल्ली सोडा आणि एका ढिगाला आरपार भोक ठेवा. टँकच्या एका टोकाला डोळा लावून बघा: दुसऱ्या टोकाची काच अखंड दिसत असेल तर रचना जमलेली नाही.

नजर अडवण्याइतकाच दुसराही फायदा आहे. जुन्या हद्दी पुसल्या जातात. ज्या बिळाचा तो मालक होता ते बीळच नाही म्हटल्यावर दांडगोबा एक-दोन दिवस इतरांसारखाच भांबावलेला असतो. नवा मासा सोडायचा तर याच दिवसांत. एखादाच दगड इकडचा तिकडे करून मात्र काही होत नाही.

हात घालण्याआधी सगळे प्लग काढा. सगळे. वाळू खोल आणि जुनी असेल तर तळापासून उकरू नका. तिच्यात सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू साठलेला असू शकतो. दगड वाढवायचे असतील तर सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे तयार दगड घ्या. प्रवाळाचे तुकडे, जिवंत असोत की वाळलेले, घेऊ नका. दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत आहेत. दुकानदार खुशाल विकेल, अडचणीत तुम्ही याल.

पेटी: कोणाला आत ठेवायचं?

भोकं पाडलेली पारदर्शक अॅक्रिलिकची पेटी, टँकच्या आत काचेला टांगलेली. तयार मिळते. नाहीतर डबा घेऊन तापवलेल्या खिळ्याने भोकं पाडा आणि कडा घासून घ्या. तिचे उपयोग दोन.

नवा मासा आणला की तो आधी चार-सात दिवस पेटीत. जुने येतात, काचेवर डोकी आपटतात, कंटाळतात. ते पेटीशी जाणं सोडतात तो दिवस सोडायचा; त्याआधी नव्हे, दुकानदाराने काही सांगितलं तरी. (“साब, डाल दो, दो दिन में सेट हो जाएगा.” दोन दिवसांत खरंच सेट होतं. मासा उरत नाही.) सोडताना दिवा बंद आणि जुन्यांची पोटं भरलेली. त्याच्याही आधी शक्य असेल तर महिनाभर वेगळ्या छोट्या टँकमध्ये स्पंज फिल्टरवर ठेवा, म्हणजे रोग येणार नाही आणि मासा तगडा होऊन येईल.

दुसरा उपयोग शिक्षेचा, आणि इथेच सगळे उलटं करतात. मार खाणाऱ्याला बाहेर काढलं की मारणाऱ्याची हद्द आणखी वाढते. दहा दिवसांनी मार खाणारा परत येतो तो नवखा पाहुणा म्हणून, शून्यापासून. आपण हातात धरून त्याला पुन्हा तिथेच नेऊन उभा केलेला असतो. म्हणून जखमी नसेल तर त्याला टँकमध्येच राहू द्या आणि मारणाऱ्याला पेटीत घाला, सात ते दहा दिवस. त्याच्या डोळ्यांदेखत बाकीचे त्याच्या बिळात झोपतील, त्याच्या जागी खातील. बाहेर येईल तेव्हा नवखा तो असेल. पेटीतून काढण्याच्या आदल्या दिवशी दगडही हलवलेत तर दुधात साखर.

पार्ल्याच्या त्या क्लाउनबाईंना मी नऊ दिवस पेटीत बसवलं. तिसऱ्या दिवशी फायरफिश पाइपमागून निघून मध्यावर खायला आला. बहिणीने फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, “मेला तिकडे बघतोय बघ.” तो खरंच पेटीकडे तोंड करून उभा होता, पाठीवर खुडलेल्या तुऱ्याचा जरासा खुंट. बाई बाहेर आल्यावर दोनदा अंगावर गेल्या, मग सोडून दिलं.

हे क्लाउन आणि छोट्या डॅमसेलवर बहुतेक वेळा चालतं. सिक्सलाइन रासवर (सहा रेघांचा छोटा मासा) क्वचित. तो पेटीतून निघतो, ते लाल डोळे फिरवत टँकभर एक चक्कर मारतो आणि होता तिथून पुढे सुरू.

जोडीच चुकली असेल तर

इथवर येऊन रेघा कमी झाल्या नाहीत, तर मासे एकत्र राहण्यासारखे नाहीत. वाईट वाटून घेऊ नका, पण आणखी युक्त्याही करत बसू नका.

क्लाउन: सगळे जन्मतः नर होऊ शकणारे. गटातला सगळ्यात मोठा मादी होतो, दुसरा नर, आणि मादी मेली की नराचीच मादी होते. मादी झालेला मासा परत नर होत नाही. म्हणून दोन मोठे, सारख्या मापाचे क्लाउन म्हणजे दोन माद्या असण्याची शक्यता. त्या एकमेकींना जगू देणार नाहीत. एक मोठा आणि एक त्याच्या निम्म्याचा घ्या. तिसरा नको. जोडी जमल्यावर तर नकोच नको.

डॅमसेल: इथे माझं मत कडक आहे. नवा टँक ‘तयार करायला’, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात वाढवायला, म्हणून दुकानात दोन डॉमिनो किंवा तीन-पट्टी हातात ठेवतात, स्वस्त आणि चिवट म्हणून. टँक तयार होतो, मालकही तयार होतो. नाण्याएवढा डॉमिनो वाढून तळहात भरतो आणि पुढे जो येईल त्याला फोडतो. माशाशिवाय, नुसत्या अमोनियावर, चार-सहा आठवड्यांत टँक तयार करता येतो, घाई कशाला? डॅमसेल हवाच असेल तर पिवळ्या शेपटीचा छोटा निळा, एकच, आणि सगळ्यांच्या शेवटी. क्रम नेहमी भित्र्याकडून दांडग्याकडे: आधी फायरफिश आणि कार्डिनल, मग क्लाउन, शेवटी डॅमसेल किंवा डॉटीबॅक (तोही छोटा, पण दांडगा).

बांगाई कार्डिनल चार-पाच घेतलेत तर त्यातली जोडी जमते आणि बाकीच्यांचा नंबर लागतो. जोडी जमलेली दिसली की उरलेले लगेच काढा. फायरफिश छोट्या टँकमध्ये एकच. हिरव्या क्रोमिसचा थवा दोन-तीन फुटी टँकमध्ये टिकत नाही, असं मी आता सरळ सांगतो. मुलुंडच्या टँकमध्ये सात आणले होते. शेजारचा पोरगा रोज शाळेतून आला की मोजायचा. “काका, आज सहाच.” पुढे पाच, मग तीन. शेवटचा एकटा क्रोमिस मात्र चार वर्षं जगला.

आकाराचा आणि घराण्याचा साधा हिशेबही उपयोगी पडतो. सारखा आकार, सारखा रंग आणि सारखं खाणं असलेले दोन मासे एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात. जितके वेगळे दिसतील तितकं बरं.

पकडणं

जाळी घेऊन टँकभर पळापळ करू नका. मासा दमतो, दगड कोसळतात, मार खाणाराच आधी मरतो. दोन लिटरच्या पाण्याच्या बाटलीची मान कापून उलटी बसवा, आत खाणं, बुडाशी छोटा दगड, वर दोरी. दोन दिवस नुसतीच ठेवा, येजा करू देत. तिसऱ्या दिवशी सकाळी, पोट रिकामं असताना, आत शिरला की उचला. हे फसलं तर रात्री दिवे गेल्यावर लाल टॉर्चने तो कुठे झोपतो ते बघा. डॅमसेल आणि डॉटीबॅक बहुधा रोज त्याच भोकात जातात. तो दगडच सावकाश उचलून टँकच्या पाण्याच्या बादलीवर धरा. मासा भोकाला चिकटून राहतो आणि पाणी निथळलं की बादलीत उतरतो.

पकडलेला मासा दुकानात परत द्या, बऱ्याचदा घेतात; नाहीतर मोठा टँक असलेल्याला द्या. चौपाटीवर नेऊन सोडू नका. तो जगत नाही, आणि जगला तर आणखी वाईट. अॅटलांटिकमध्ये लायनफिश हा परका मासा पसरला आणि तिथले मासे फस्त करत सुटला, ते सगळ्यांसमोर आहे.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

– एका दिवसात दोन किंवा जास्त मासे मेले. ही मारामारी नव्हे, पाणी किंवा रोग आहे.
– अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, मखमलीसारखी धूळ किंवा लाल चट्टे. तांब्याचं औषध मनाने मुख्य टँकमध्ये ओतू नका. कोळंबी आणि खेकडे मरतील आणि तांबं दगडात मुरून बसेल.
– जखमेवर पांढरं धरलंय, डोळा बाहेर आलाय, किंवा चार दिवस वेगळं ठेवूनही मासा खात नाही. माशांचं काम करणारा पशुवैद्य शोधा.
– पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या. हात काढा, मेन बंद करा, इलेक्ट्रिशियन येईपर्यंत टँकला शिवू नका.
– मासा पकडायला सगळे दगड काढावे लागणार आहेत आणि टँक तीन फुटांहून मोठा आहे. हे एकट्याचं काम नाही. एक घसरलेला दगड तळाची काच फोडतो, आणि मग खालच्या मजल्यावरचे वर येतात.

माणूस येण्याआधी पाणी बदलू नका, म्हणजे त्याला आहे ते दिसेल. बदलावंच लागलं तर जुनं पाणी स्वच्छ बाटलीत भरून ठेवा. तापमान, खारटपणा, शेवटचा मासा कधी आणला ती तारीख, खाण्याच्या वेळचा दोन मिनिटांचा व्हिडिओ आणि रेघांचं ते कालनिर्णयचं पान त्याच्या हातात द्या.